धिंड काढून रिक्षाची काच भरून निघत नाही

गाड्या फोडणाऱ्या पोरांची वस्तीतून धिंड काढा, म्हणजे वठणीवर येतील, असं काहीजण म्हणतात. राग समजतो. पण पुण्यात बिबवेवाडीत किंवा येरवड्यात रात्रीतून ज्याच्या रिक्षाची काच फुटली, त्याच्या हाती धिंडीतून काय पडतं? काचेचा खर्च त्याचाच, बुडालेला धंदाही त्याचाच. आणि ‘माझीच गाडी का?’ याचं उत्तर त्याला कुणीच देत नाही.

कॅनडातल्या एल्मायरा गावात १९७४ साली दोन तरुणांनी एका रात्रीत २२ ठिकाणी नासधूस केली. न्यायाधीशांनी त्यांना नुकसान झालेल्यांच्या दारात पाठवलं, भरपाई द्यायला लावली. ज्याचं नुकसान केलं त्याच्या डोळ्यांत बघून बोलणं मला धिंडीपेक्षा जड वाटतं. धिंडीत निदान मित्रांसमोर ‘भाई’ तरी होता येतं!

आपल्याकडेही वाट आहे. भारतीय न्याय संहितेत ५,००० रुपयांहून कमी किमतीच्या चोरीत पहिल्यांदाच दोषी ठरलेल्याने ऐवज परत केला, तर समाजसेवेची शिक्षा आहे. गावातले तंटे गावातच समितीमार्फत मिटवायला २००७ मध्ये तंटामुक्त मोहीम आली, तशा समित्या पुण्यातल्या वस्त्यांनाही हव्यात.

मात्र नुकसान झालेल्याची मनापासून संमती हवी, ‘जाऊ दे, मिटवून टाक’ असा दबाव नको. मध्यस्थ म्हणून गल्लीतला दादा किंवा त्याचा माणूस तर अजिबात नको. कोयत्याचे वार, बायकामुलींची छेडछाड ही प्रकरणं थेट पोलिसांकडेच गेली पाहिजेत.