मालदांडीत स्टे-ग्रीन आणताना

मार्कर (हव्या जनुकाजवळची, डीएनए चाचणीत ओळखता येणारी खूण) वापरून बी ३५ या ज्वारीच्या वाणातला स्टे-ग्रीन गुण (पाणी तुटलं तरी दाणे भरताना पानं हिरवी राहणं) मालदांडी या रब्बी ज्वारीच्या वाणात आणला की रब्बी ज्वारी अवर्षणात तगेल, हे म्हणणं अर्धंच बरोबर आहे. या गुणाशी जोडलेले एसटीजी १ ते ४ हे गुणसूत्रांवरचे मोठे तुकडे आहेत. एकाच मार्करवर निवड केली तर बी ३५ चे नको ते गुणही सोबत येतात. भाकरीचा दाणा बिघडला तर परभणी-बीडकडे ते वाण कोण पेरणार? तुकड्याच्या दोन्ही बाजूंचे मार्कर तपासा, मालदांडीशी तीन बॅकक्रॉस, म्हणजे पुन्हा पुन्हा तिच्याशीच संकर, तरी घ्या (सरासरी ९३.७५ टक्के जनुकसंच परत येतो). चाचणी भारी आणि हलक्या दोन्ही रानांत हवीच. हा गुण फुलोऱ्यापर्यंत पानोरा आटोपशीर ठेवून ओल राखतो, ती दाणे भरताना कामी येते. मुरमाड रानात मुळात राखायला ओलच कमी.