मदत हवी आहे : कमी मिठाचे, पण झणझणीत आणि दाट सॅलड ड्रेसिंग घरी कसे करावे?

नमस्कार मंडळी,

रक्तदाब आणि मूत्रपिंडाच्या तक्रारीमुळे डॉक्टरांनी माझ्या सासऱ्यांचे मीठ बरेच कमी केले आहे. आम्ही यावल तालुक्यातले. ठेचा, लोणचे आणि पापड ताटातून एकदम गेल्यावर जेवणात राहिले काय, असा त्यांचा सवाल असतो. काकडी, मुळा, गाजर, कांद्याची पात ते आवडीने खातात, मात्र सोबत काहीतरी तिखट आणि दाटसर हवे.

बाजारातील मेयोनीज आणि तयार ड्रेसिंग मी विचारातही घेतलेली नाहीत. प्रौढ माणसाने दिवसाला २००० मिलिग्रॅमपेक्षा कमी सोडियम घ्यावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते आणि चहाच्या एका चमचाभर मिठातच सुमारे २३०० मिलिग्रॅम सोडियम असते. त्यामुळे वरून मीठ अजिबात न घालता काय जमते, एवढाच प्रश्न उरतो.

सध्या मी दही सुती फडक्यात रात्रभर टांगून चक्का करते. भाजून सोललेले बिनमिठाचे शेंगदाणे थोडे शेंगदाणा तेल घालून अगदी लोण्यासारखे वाटते आणि त्यात तव्यावर भाजलेली हिरवी मिरची, लसूण, भाजलेले जिरे, कोथिंबीर व लिंबाचा रस घालून सगळे चक्क्यात फेटते. दिसायला ते उत्तम होते. अडचण चवीची आहे. मिरचीचा तिखटपणा स्निग्ध पदार्थात विरघळतो आणि दुधातील प्रथिनेही त्याची धार कमी करतात, त्यामुळे पहिल्या घासाला ड्रेसिंग मिळमिळीत लागते. मिरची वाढवली तर चव तशीच राहते आणि नंतर घसा तेवढा जळतो. लिंबू वाढवून थोडा उठाव येतो, परंतु चक्क्याच्या आंबटपणात भर पडून ते फार आंबट होते.

नंदुरबारकडची सुकी लाल मिरची गरम पाण्यात भिजवून लसणासोबत वाटली, तर हिरव्या मिरचीपेक्षा चव अधिक भरीव येईल का? लसूण कच्चा घ्यावा की तेलात मंद परतून? थोडे तीळ किंवा सुके खोबरे भाजून घातल्यास मिठाची उणीव झाकली जाते का, हेही अनुभवी मंडळींनी सांगावे.

दुसरी अडचण दाटपणाची. फ्रिजमध्ये ठेवल्यावर शेंगदाण्याचे वाटण पाणी शोषून घेते आणि दुसऱ्या दिवशी ड्रेसिंग चटणीइतके घट्ट होते. साधे पाणी घालून ते सैल केले की चव आणखी फिकी पडते. शेंगदाणे कमी करून चक्का वाढवावा, की दोन्ही वेगळे ठेवून आयत्या वेळी कालवावे?

एक विनंती : कमी सोडियमचे मीठ कृपया सुचवू नये. त्यात पोटॅशियम क्लोराइड असते आणि मूत्रपिंड अशक्त असताना ते धोक्याचे ठरू शकते, म्हणून डॉक्टरांनी ते स्पष्टपणे वर्ज्य केले आहे. काळे मीठ, सैंधव, चाट मसाला आणि खारवलेले आमसूलही नकोत, कारण सोडियम त्यांतही असतेच. खान्देशी काळ्या मसाल्याची चिमूट चालेल. तो आमच्या घरी मीठ न घालताच कुटलेला असतो. चक्क्याच्या ड्रेसिंगमध्ये तो कोणी वापरून पाहिला असेल, तर एक वाटी चक्क्याला किती घ्यावा आणि आधी तेलात परतावा का, तेवढे अवश्य लिहावे.