आल्याच्या बिअरसाठी छोटा, परवडणारा केग कुठं मिळंल? (सातारा)

आलेवाला_कोरेगाव
नमस्कार मंडळी, कोरेगावकडचा आहे, घरचं आलं असतं त्यामुळं दोन वर्षं झाली घरीच आल्याची बिअर बनवतोय. नावात बिअर आहे पण दारू म्हणून नाही बनवत, सरबतासारखीच पितो आम्ही. बरणीत किसलेलं आलं, साखर, पाणी, रोज एक चमचा आलं आणि साखर वाढवत जायचं, पाच-सहा दिवसांत फेस धरला की विरजण तयार, मग आल्याचा काढा गार करून त्यात लिंबू साखर आणि हे विरजण घालून बाटल्या भरायच्या. सातारी आल्याचा तिखटपणा त्यात असा उतरतो की पाहुणे परत मागून पितात.

अडचण बाटल्यांची आहे. मागच्या मे महिन्यात काचेच्या बाटल्यांत भरून फडताळात ठेवलेल्या, आत गॅस साठत गेला, रात्री दोनच्या सुमाराला फाडकन आवाज झाला, आई दचकून उठली, जाऊन बघतोय तर एक फुटलेली आणि तिनं शेजारची पण फोडलेली, बोटभर काच पिठाच्या डब्याच्या पत्र्यात रुतून बसलेली. दिवसा आई तिथंच उभी असती. अजून आठवलं की पोटात गोळा येतो. तेव्हापासून काच बंद.

आता चैत्रात गावची यात्रा आहे, चाळीसेक पाहुणे धरले तर माणशी एक ग्लास म्हणलं तरी १० लिटर पाहिजे. केग, म्हणजे गॅसच्या दाबाखाली पेय ठेवायचं बंद पिंप, बघायला गेलो तर जिकडंतिकडं १९ लिटरचाच, आणि त्यावर सीओटूचा (कार्बन डायऑक्साइड गॅसचा) सिलिंडर, रेग्युलेटर धरला की माझं सहा-सात हजाराचं बजेट कोलमडतं. ५ ते १० लिटरचा केग कुणी घेतलाय का? आणि एमआयडीसीत स्टीलचं काम करणारा ओळखीचा आहे, तो म्हणतो दुधाच्या किटलीला व्हॉल्व्ह बसवून देतो. चालंल का?

फिटर_सातारा
शेवटच्या प्रश्नाचं आधी सांगतो, किटलीला व्हॉल्व्ह अजिबात बसवून घेऊ नको भावा. हिशोब कर, झाकण आठ इंची धरलं तर त्याचं क्षेत्रफळ झालं साधारण ५० चौरस इंच, आत ३० पीएसआय, म्हणजे चौरस इंचाला ३० पौंड, दाब झाला तर झाकणाला खालून १५०० पौंडाचा रेटा, म्हणजे ६८० किलो. किटलीची खिट्टी ते धरणार आहे का? किटली दूध सांडू नये म्हणून असते, दाब धरायला नसते. तू काचेची बाटली फुटलेली बघितलीयस, हे झाकण उडालं तर छपरापर्यंत जाईल.

दुसरं, स्टीलला वेल्डिंग करताना आतल्या बाजूनं आर्गॉन गॅस सोडला नाही तर आतून जोड साखरेसारखा रवाळ होतो, बाहेरून एकदम चकाचक दिसतो. त्या रव्यात आंबट साखरेचं पाणी अडकलं की घाण साठते, गंजायला पण लागतं, आणि ते कितीही घासलं तरी निघत नाही. ज्याच्यावर वर्किंग प्रेशर (किती दाब चालतो तो आकडा) पंच केलेलं आहे आणि सेफ्टी व्हॉल्व्ह आहे तेच भांडं घे.

कृष्णाकाठ_सांगली
दादा मी सांगलीत कोंबुचा (आंबवलेला चहा) बनवते, मला पण आधी केगच पाहिजे होता आणि शेवटी केगशिवायच भागलं. कोल्ड्रिंकची २ लिटरची प्लास्टिक बाटली घ्यायची, तिला बसणारं स्टीलचं कार्बोनेशन कॅप (ज्यातून बाटलीत गॅस भरता येतो ते झाकण) मिळतं, ऑनलाईन काहीशे रुपयांत येतं. कोल्ड्रिंकची बाटली दाबासाठीच बनवलेली असते त्यामुळं ३०-४० पीएसआय ती सहज धरते. पाण्याची बाटली मात्र नको, ती पातळ असते. आणि गरम पाण्यानं धुवायची नाही, पीईटी, म्हणजे या बाटलीचं प्लास्टिक, गरम पाण्यात आक्रसतं आणि मग त्या बाटलीचा भरवसा नाही. मी दर सात-आठ वापरांनंतर बाटली बदलूनच टाकते.

सगळ्यात चांगलं म्हणजे बाटली हाताला सांगते. भरताना दाबून जास्तीची हवा काढून झाकण लावायचं, बाहेरून गॅस दिला नाही तरी विरजणामुळं आपोआप फुगते, रोज सकाळी अंगठ्यानं दाबून बघायचं, दगडासारखी कडक झाली की लगेच फ्रीजमध्ये. काच काही सांगत नाही, एकदम फुटते. तुमच्या आईंचं वाचून खरंच अंगावर काटा आला.

१० लिटर म्हणजे पाच बाटल्या, तेवढ्यासाठी केगची गरज नाही असं माझं मत.

सातारकर_ओहायो
मी मूळचा साताऱ्याचा, सध्या अमेरिकेत, इथं दहाएक वर्षं घरी बिअर बनवतोय. इथं १९७८ च्या कायद्यानं घरी बिअर बनवायला परवानगी मिळाली, एका माणसाला वर्षाला १०० गॅलन, घरात दोन मोठी माणसं असतील तर २००, विकायची मात्र नाही. आपल्याकडं खरी बिअर घरी बनवायला १९४९ चा दारूबंदी कायदा आडवा येतो, परवान्याशिवाय जमत नाही, म्हणून तू आल्याच्या बिअरवर थांबलायस ते बरंच आहे. फक्त एक लक्षात ठेव, विरजण जिवंत असतं, फ्रीजबाहेर राहिलं की गोडी कमी होत जाते आणि अल्कोहोल वाढत जातं. यात्रेत पोरं पिणार असतील तर त्यांच्यासाठी विरजण घालूच नको, आल्याचा गार काढा, लिंबू, साखर आणि थेट गॅस, झालं.

आता केग. १९ लिटरचे जे दिसतात ते मुळात कोल्ड्रिंकच्या सिरपचे, ५ गॅलनचे डबे, पेप्सीचे बॉल लॉक आणि कोकचे पिन लॉक, ही नळी जोडायच्या कनेक्टरची नावं. पुढं सिरप खोक्यातल्या पिशवीत यायला लागलं आणि हे डबे रिकामे पडले, ते इथल्या घरी बिअर बनवणाऱ्यांनी स्वस्तात उचलले. त्यामुळं जुना घेताना कनेक्टर कुठला लागतो ते आधी बघायचं, दोन्ही एकमेकांना बसत नाहीत. तुझ्या कामाला मात्र ४-५ लिटरचा स्टीलचा मिनी केग बरोबर, वर बॉल लॉकचं झाकण, तसाच फ्रीजमध्ये उभा राहतो. मी १९ लिटरचे दोन घेतलेले, भरलेला उचलताना कंबर धरली, आता सगळ्यात जास्त वापर ५ लिटरवाल्याचाच होतो.

नवीन-जुना कुठलाही आण, आधी नुसतं पाणी भरून गॅस दे आणि साबणाचा फेस लाव, ओ-रिंगवर (रबरी वायसरवर) बुडबुडे दिसले तर रिंग बदल. बहुतेक वेळा केग चांगला असतो, रिंगच गेलेली असते, लोक उगाच केगला शिव्या देतात.

आलेवाला_कोरेगाव
सगळ्यांचे आभार, किटलीचा विषय बंद. फिटरभाऊ, गॅसचं काय करू? सीओटूच्या छोट्या १६ ग्रॅमच्या काडतुसांवर चालंल का, सिलिंडर नको वाटतो.

फिटर_सातारा
काडतूस महागात पडंल. सोड्यासारखा फेस पाहिजे तर लिटरला ५ ग्रॅमच्या आसपास गॅस विरघळतो, ५ लिटरला २५ झाले, शिवाय पेय बाहेर ढकलायला लागतो तो वेगळा, म्हणजे एका केगला तीन काडतुसं गेली. तेच २ किलोच्या सिलिंडरवर असले चाळीसेक केग निघतील, गळती नसंल तर.

भरायला गावातल्या सोडावाल्याला विचार, गोटीसोडा करणारे खायच्याच गॅसवर चालतात, ते कुठून आणतात तिथूनच घे. वेल्डिंगचा सीओटू स्वस्त असतो पण तो पोटात जायचा नाही. सिलिंडर घेताना गळ्यावर टेस्टची तारीख पंच केलेली असते ती बघून घे. आणि सिलिंडर किती उरला ते वरच्या काट्यावर कळत नाही, आत द्रव असेपर्यंत काटा हलतच नाही, वजनकाट्यावर ठेवून वजन कर. उन्हात, गाडीच्या डिकीत ठेवू नको.

सातारकर_ओहायो
हे बरोबर. सेटिंग पण सांगून ठेवतो, फ्रीजमध्ये ४ डिग्रीला गार झालं असंल तर १२ ते १७ पीएसआय, आल्याला मला १७ च आवडतो. तेवढाच फेस २५ डिग्रीला पाहिजे म्हणलास तर अडीच ते पावणेतीनपट दाब लागतो, म्हणून आधी गार कर, मग गॅस दे.

आलेवाला_कोरेगाव
ठरलं मग. पोरांसाठी ताईंची पद्धत, विरजण न घालता तीन बाटल्या आणि कॅप. मोठ्यांसाठी ५ लिटरचा एकच मिनी केग, सिलिंडर गावातल्या सोडावाल्याकडून, सकाळी त्यांना भेटून आलो, ते म्हणाले यात्रेपर्यंत माझाच एक घेऊन जा, भरून परत दे, त्यामुळं निम्मं बजेट तिथंच वाचलं. आता फक्त रेग्युलेटर घ्यायचाय. त्यांच्या सिलिंडरच्या आट्याचा फोटो टाकतो संध्याकाळी, कुठला बसंल तेवढं बघून सांगा.