पाटी बदलली आणि आवडता फोटोही बदलला

पाऊलवाट (धागाकर्ता)

गणपती झाल्यावरच्या रविवारी आम्ही सगळे कासला गेलो होतो. तेरडा भरात होता, ऊन-पावसाचा खेळ चालू होता आणि नेहमीप्रमाणे गाडीत वाद पेटला: कुणाच्या फोनचा फोटो भारी? चार फोन होते. सगळ्यात स्वस्त २२ हजारांचा, सगळ्यात महाग लाखाच्या वरचा. मी एकाच जागी उभं राहून पाठोपाठ चारही फोननी तेच दृश्य टिपलं. पुढे फुलं, मधे मामेबहीण, मागे ढग. असे तीन संच काढले.

रात्री साताऱ्याला मामांकडे टीव्हीवर ते दाखवले. बघणारे अकरा जण. पहिल्या संचाखाली फोनची खरी नावं लिहिली होती. आठ जणांनी लाखाचा फोन निवडला. कारणंही दिली: रंग खरे वाटतात, फुलांना खोली आहे, ढगांचा पोत दिसतो. दुसऱ्या संचाखाली फक्त अ, ब, क, ड. मतं विखुरली, लाखाच्या फोनला तीन मिळाली. तिसऱ्या संचात मी नावं मुद्दाम चुकीची लावली. २२ हजारांच्या फोनच्या फोटोखाली लाखाच्या फोनची पाटी. सात जणांनी तोच निवडला आणि कारणं पहिल्या वेळचीच दिली.

मी लगेच खरं सांगितलं. मामा जरा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "अरे, पण मला ढगांचा पोत खरंच दिसला होता. मग मी काय बघितलं?"

हा प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाहीये. दुसऱ्या दिवशी बायकोने तोच प्रयोग माझ्यावर केला. माझ्या फोनचं नाव दुसऱ्याच फोनच्या फोटोखाली होतं आणि मी पाच मिनिटं त्या फोटोतल्या सावल्यांचं कौतुक केलं. मी खोटं बोलत नव्हतो, मला त्या तशा दिसत होत्या.

हे फोनपुरतं नाही. २००८ साली कॅलिफोर्नियातल्या कॅलटेक आणि स्टॅनफर्डच्या संशोधकांनी लोकांना एकच वाइन दोन किमती सांगून पाजली, एकदा १० डॉलर, एकदा ९० डॉलर. ९० डॉलरवाली जास्त आवडली, आणि स्कॅनमध्ये मेंदूतला सुखाशी निगडित भागही जास्त चेतलेला दिसला. म्हणजे माणसं भिडेखातर "छान आहे" म्हणत नव्हती. त्यांना चव खरोखर जास्त आवडत होती.

फोनचंच उदाहरण हवं असेल तर मार्केस ब्राउनली या अमेरिकन यूट्यूबरने २०२२ मध्ये १६ फोनचे फोटो नावं झाकून लोकांपुढे ठेवले. २ कोटींहून जास्त मतं पडली. पहिला आला गूगलचा पिक्सल ६ए, भारतात ४३,९९९ रुपयांना आलेला फोन. त्याच यादीत १,२९,९०० रुपयांचा आयफोन १४ प्रो होता, तो मागे राहिला. नावं उघडी असती तर हा निकाल लागला असता, असं मला वाटत नाही.

माझं म्हणणं असं की फोन घेण्याआधी नाव झाकून फोटो बघा. आणि जे परीक्षणं करतात त्यांनीही आधी बिननावाचे फोटो दाखवावेत, नाव शेवटी सांगावं.

---

अंतरपाट

प्रचंड असहमत. १४ वर्षं लग्नाचे फोटो काढतोय, त्यामुळे थोडं सविस्तर लिहितो.

तुमच्या प्रयोगाने माणसं फसतात हे सिद्ध झालं. नावात काहीच नसतं, हे कुठे सिद्ध झालं? तुम्ही तपासलं काय, तर भर दुपारी स्थिर उभ्या मुलीचा एक फोटो, तोही टीव्हीवर. त्या परिस्थितीत आज २० हजारांच्या वरचा कुठलाही फोन चांगलाच फोटो काढतो.

मंगलाष्टकं संपतात, अंतरपाट खाली येतो, हार पडतो. सगळं मिळून तीन सेकंद. त्या तीन सेकंदांत कॅमेरा उघडला का, बटण दाबलं त्या क्षणाचा फोटो आला की अर्ध्या सेकंदानंतरचा, हलणारा हात स्पष्ट आला की पुसट, मुख्य लेन्सवरून झूमवर गेलो की शालूचा रंग बदलला का? आणि व्हिडिओ? त्याचं तर तुम्ही नावच घेतलं नाही. हे सगळं वर्षभर वापरल्यावर कळतं आणि ते कळणं म्हणजेच नाव. मी ज्या कंपनीवर विश्वास ठेवतो ती मला दहा वेळा उपयोगी पडली आहे म्हणून ठेवतो. याला पूर्वग्रह नाही, अनुभव म्हणतात.

आपण हापूस घेताना देवगड-रत्नागिरी विचारतोच ना? प्रत्येक आंबा कापून बघत नाही.

---

कोकणकडा

अंतरपाट यांच्याशी सहमत, पण आंब्याचं उदाहरण त्यांच्याच अंगावर येतं. कोकणच्या हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते का लागलं? बाहेरचा आंबा देवगडच्या पेटीत भरून विकला जातो आणि गिऱ्हाईक "वा, देवगडच तो" म्हणत खातं, म्हणून. अनुभव पाटीवर जमा होतो, मग पाटी कुणीही लावतं. आमची स्वतःची बाग आहे, त्यामुळे हे बोलताना राग येतो.

---

मंद प्रकाश

तांत्रिक बाजू मांडतो, कारण "या कंपनीचा कॅमेरा" या शब्दांतच घोळ आहे.

फोनचा सेन्सर, म्हणजे प्रकाश टिपणारी चिप, बहुतेक वेळा फोन कंपनी स्वतः बनवत नाही. आयफोनचे सेन्सर सोनीकडून येतात, हे अ‍ॅपलचे तेव्हाचे प्रमुख टिम कुक यांनी डिसेंबर २०२२ मध्ये जपानच्या कुमामोतो इथे जाहीरपणे सांगितलं. सोनीचे सेन्सर इतरही अनेक कंपन्या वापरतात. वर ज्या पिक्सल ६ए चा उल्लेख आहे, त्याचा मुख्य कॅमेरा १२.२ मेगापिक्सलचा होता आणि तो सेन्सर २०१८ च्या पिक्सल ३ पासून चालत आलेला होता. म्हणजे चार वर्षं जुना सेन्सर नव्याकोऱ्या फोनना भारी पडला. फरक प्रक्रियेचा होता. बटण एकदाच दाबलं तरी फोन अनेक फ्रेम घेतो, त्या एकावर एक जुळवतो, सावल्या उचलतो, आकाश आवरतो. तांदूळ तोच, भात रांधणारा वेगळा.

आणि जुन्या कॅमेरा-लेन्स कंपन्यांची नावं भाड्यानेही मिळतात. लायकाचं नाव २०१६ मध्ये ह्वावेच्या फोनवर होतं, २०२२ पासून शाओमीवर. झाइस आधी नोकियाबरोबर, आता विवोबरोबर. हॅसलब्लाड २०२१ मध्ये वनप्लसबरोबर आलं. या भागीदाऱ्यांत रंगांवर खरं काम होतं, ते मी नाकारत नाही. पण दुकानात काउंटरवर उभ्या माणसाला ते काम दिसत नाही, त्याला लायकाचा लाल गोल ठिपका दिसतो.

मात्र पाऊलवाट, ब्राउनलीच्या निकालाचा तुम्ही लावलेला अर्थ मला पटत नाही. दोन फोटो शेजारी ठेवले की लोक उजळ फोटो निवडतात, हे त्याच्या अशा चाचण्यांत पुन्हा पुन्हा दिसलं आहे. नाव झाकलं की डोळे निष्पक्ष होतात असं नाही. एक कल गेला, दुसरा उरला.

---

हिशोबी

सगळे कॅमेऱ्यावर बोलताहेत, मी पैशांवर बोलतो. माझ्या धाकट्या भावाने २४ महिन्यांच्या हप्त्यावर फोन घेतला. पगारातून दर महिन्याला पाच हजार जातात. त्याला विचारा फोटो कसा येतो. तो वाईट आला असं म्हणूच शकत नाही, म्हटलं तर आपण चुकलो हे दर महिन्याच्या पाच तारखेला मान्य करावं लागेल. लाखाच्या फोनला मिळालेल्या आठ मतांमध्ये त्या फोनच्या मालकाचं मत होतं का, आणि त्याच्यासमोर बाकीच्यांनी हात वर केले का?

---

पाऊलवाट

@हिशोबी, हो. मालक तिथेच होता आणि मतं हात वर करूनच घेतली. ही माझी चूक झाली. पुढच्या वेळी चिठ्ठ्या.

@अंतरपाट, तुमची अट मान्य. हलतं दृश्य, कमी प्रकाश, व्हिडिओ. दिवाळीला तसंच करतो.

---

चैत्रपालवी

मला अंतरपाट यांचा "अनुभव म्हणजे नाव" हा मुद्दा अर्धाच पटतो. २०२३ च्या मार्चमध्ये रेडिट या चर्चामंचावरच्या एका वापरकर्त्याने चंद्राचा मुद्दाम धूसर केलेला फोटो कॉम्प्युटरच्या पडद्यावर लावला आणि सॅमसंगच्या गॅलक्सी फोनने त्याचा फोटो काढला. पडद्यावर नसलेले खळगे फोटोत उमटले. कंपनीने सांगितलं की फोन चंद्र ओळखतो आणि तपशील वाढवतो. त्याआधी किती जणांनी तो चंद्र दाखवून "झूम बघ झूम" म्हटलं असेल! त्यांचाही अनुभवच होता तो, आणि दहादा आलेला.

---

अंतरपाट

चंद्र सोडून द्या, चंद्राचा फोटो कुणी फ्रेम करून भिंतीवर लावत नाही. मला लेकीच्या पाठवणीचा व्हिडिओ हवा असतो.

आणि एक उलटा पूर्वग्रहही असतो, त्यावर इथे कुणीच बोललं नाही. "चिनी आहे म्हणजे फालतू", "महाग आहे म्हणजे लुबाडणूक". माझ्याकडे येणारी निम्मी पोरं महागड्या फोनचा फोटो चांगला आला तरी मान्य करत नाहीत. पाऊलवाट, तुमच्या लेखाला मिळालेली पसंती बघा. स्वस्त फोन जिंकला ही बातमी लोकांना आवडते. तिथे कुठलं नाव काम करतंय?

---

निळीशाई

मंद प्रकाश यांनी "उजळ फोटो जिंकतो" एवढं म्हणून सोडून दिलं. मला तिथेच थांबायचं आहे.

मी सावळी आहे. कॉलेजात असल्यापासून ग्रुप फोटो कुणाच्या फोनवर काढायचा हे "कुणाच्या फोनवर सगळे छान येतात" यावर ठरतं. छान म्हणजे गोरे. माझ्या साखरपुड्याचे फोटो तीन फोनवर निघाले. सगळ्यांना आवडला त्यात माझा चेहरा दोन छटा उजळ आहे, नाकाच्या बाजूचा तीळ गायब आहे. सासूबाईंनी तोच मोठा करून दिवाणखान्यात लावला. त्यांना त्यात काही वावगं दिसत नाही, त्या प्रेमानेच लावतात. मी मात्र तिथून जाताना तिकडे बघत नाही.

तेव्हा नाव झाकून मतं घ्या म्हणणाऱ्यांना माझा प्रश्न आहे. अकरा जण मिळून सगळ्यात उजळ फोटोला "खरे रंग" म्हणत असतील तर नाव झाकून काय साधलं? कंपन्या आपल्या आवडीप्रमाणेच फोन घडवतात. कॅमेऱ्याने गडद कातडीचा रंग जसा आहे तसा दाखवावा, यासाठी गूगलने रिअल टोन नावाचं काम पिक्सल ६ बरोबर आणलं, तेही २०२१ मध्ये. तोवर कुणाला फारसं खटकलं नव्हतं, कारण मत देणाऱ्यांना उजळच हवं होतं.

पाऊलवाट, तुमच्या मामेबहिणीला विचारलंत का, तिचा रंग कुठल्या फोटोत बरोबर आला ते?

---

मंद प्रकाश

@निळीशाई, मी ते एका वाक्यात उरकायला नको होतं. एक्स्पोजरची, म्हणजे फोटोत किती उजेड घ्यायचा याची, गोष्ट म्हणून लिहिलं, माणसांचा विचारच केला नाही.

---

पाऊलवाट

तीन आठवड्यांनी परत आलोय.

दिवाळीत मुलांनी अंगणात किल्ला केला होता, त्याभोवती ती पळत होती आणि संध्याकाळचा पणत्यांचा उजेड. प्रत्येक फोनवर २० फोटो काढले. नावं मला माहीत असल्यामुळे मोजायला बायकोला बसवलं, तिला फक्त अ, ब, क, ड दिसत होतं. चेहरा स्पष्ट आलेले फोटो: लाखाच्या फोनचे १७, २२ हजारांच्या फोनचे ८. व्हिडिओ बिननावी दाखवले, चिठ्ठ्या घेतल्या. दहापैकी नऊ चिठ्ठ्या लाखाच्या फोनला. अंतरपाट, तुमचं बरोबर निघालं. हलणाऱ्या मुलांसाठी तो फोन खरंच वेगळा आहे, आणि हे नाव झाकूनही दिसतं.

पण ३४ हजारांच्या तिसऱ्या फोनचे १६ आले. तो आमच्यात कुणी चर्चेतही घेत नव्हतं. कासला, खरी नावं असताना, त्याला एकही मत नव्हतं.

@निळीशाई, नव्हतं विचारलं. त्या रात्री ती पुण्याला होस्टेलवर परतली होती, मतदानात नव्हतीच. आता विचारलं. कासच्या दुसऱ्या संचातले चारही फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवले, नुसते पाठवले असते तर व्हॉट्सअ‍ॅपने दाबून टाकले असते. तिने दहा मिनिटांत उत्तर दिलं: क. सोबत एवढंच लिहिलं होतं, "बाकी तिन्हींत मी कुणी दुसरीच आहे." त्या रात्री क ला अकरापैकी एक मत होतं, मामींचं. मामी तिची आई.

---

अंतरपाट

१६ वाचून दोनदा खात्री केली. तो फोन मी हातातही घेतला नव्हता, कंपनीचं नाव वाचूनच बाजूला ठेवला असता.

निळीशाई, तुमचा प्रतिसाद वाचल्यापासून जुने अल्बम काढून बसलोय. नवरीचा चेहरा किती उजळायचा हे आजवर मी ठरवलं, नाहीतर तिच्या काकांनी. येत्या मार्गशीर्षात दोन लग्नं आहेत. दोन्ही मुलींना छपाईच्या आधी फोटो पाठवून विचारणार आहे.