मदत हवी आहे: परमँगनेट आणि सल्फाइटचं समीकरण पुस्तकाशी जुळेना

खानापूरची_पोर
उद्या टेस्ट आहे, फर्स्ट पीयूसी, म्हणजे अकरावी. परमँगनेट आणि सल्फाइटचं समीकरण बॅलन्स करायचंय. चारदा केलं, दर वेळी हेच येतंय:
२ परमँगनेट + ५ सल्फाइट + ६ एच प्लस → २ मँगनीज टू प्लस + ५ सल्फेट + ३ पाणी
अणू जुळतात, चार्ज दोन्हीकडं वजा ६. पण पुस्तकाच्या मागं उत्तरात डावीकडं २, ३, १ असे आकडे आहेत. चूक पुस्तकाची की माझी? मोबाइलवर फॉर्म्युले उमटेनात म्हणून नावं लिहिलीत. लवकर सांगा की कुणीतरी, आमच्याकडं आठला लाइट जाते.

येळ्ळूरकर
माध्यम कुठलं?

खानापूरची_पोर
आता इंग्लिश. दहावीपर्यंत मराठी. त्याचा इथं काय संबंध?

शहापूरचा_बाप
संबंध आहे, बाळ, सगळा तिथंच आहे. माझ्या मुलाला दहावीला विज्ञानात चांगले मार्क होते, पीयूसीच्या पहिल्याच टेस्टला नापास झाला. ऑक्सिडीकरण म्हणजे इलेक्ट्रॉन देणं, क्षपण म्हणजे घेणं, हे त्याला झोपेतून उठवून विचारलं तरी येत होतं. वर्गात ऑक्सिडेशन-रिडक्शन सुरू झालं आणि पोरगं गप्प. बाकावर शेजारी बसणारा कानडी मुलगा उत्कर्षण, अपकर्षण म्हणायचा, त्याचीही तीच गत. शेवटी दोघांनी मिळून वहीच्या मागं तीन रकाने केले, मराठी, कानडी, इंग्लिश. दोन महिन्यांत गाडी रुळावर आली. तूही आजच कर.

येळ्ळूरकर
भाऊ, तुमचं खरं आहे, पण मी शाळेचं माध्यम विचारलंच नाही. द्रावणाचं विचारतोय. आम्ल की अल्कली? आणि पोरी, उजवीकडं काय तयार होतं ते दिलंय काय? प्रश्न आहे तसा पूर्ण टाक.

सीईटी_वाला
प्रश्न कशाला हवा? ऑक्सिडेशन नंबर लाव. अर्ध अभिक्रिया, म्हणजे इलेक्ट्रॉन देणं आणि घेणं वेगवेगळं, लिहीत बसलीस तर परीक्षेत वेळ पुरणार नाही. मँगनीज ७ वरून २, सल्फर ४ वरून ६. अल्कली असेल तर तुझ्याच उत्तरात दोन्ही बाजूंना ६ ओएच मायनस (हायड्रॉक्साइड) मिळव, एच प्लसचं पाणी होतं. ५ सल्फाइटला ३ पाणी डावीकडं, ६ ओएच उजवीकडं. झालं.

निवृत्त_मास्तर_चिकोडी
थांबा. हे जुळतं, पण असं घडत नाही. दोन्हीकडं चार्ज वजा १२ येईल, अणूही बरोबर येतील, आणि तरीही उत्तर खोटं. अल्कलीत परमँगनेट मँगनीज टू प्लसपर्यंत उतरतच नाही. मुलांना आकडे जुळवायला शिकवलं जातं, काय तयार होतं ते शिकवायचं राहून जातं. ३१ वर्षं हेच बघत आलोय.

सीईटी_वाला
सर, आधी आम्लात जुळवून मग ओएच मिळवायचं, ही पद्धत सगळे शिकवतात.

निवृत्त_मास्तर_चिकोडी
पद्धत बरोबर आहे. पण सुरुवातीला उजवीकडं योग्य पदार्थ लिहिलेला पाहिजे. तो चुकला की पुढचं सगळं नीटनेटकं चुकतं.

प्रयोगशाळा_निपाणी
यात एक सांगते, टायट्रेशनला परमँगनेटबरोबर हायड्रोक्लोरिक आम्ल कधी घेऊ नका. परमँगनेट क्लोराइडचंच ऑक्सिडीकरण करून क्लोरीन सोडतं, रीडिंग वाढतं. विरल सल्फ्युरिकच घ्यायचं. ऑक्झॅलिक आम्ल असेल तर आधी ६० ते ७० अंशांपर्यंत गरम करा.

येळ्ळूरकर
ताई, तिची उद्या लेखी टेस्ट आहे.

खानापूरची_पोर
प्रश्न पुन्हा बघितला. शेवटी 'इन बेसिक मीडियम' असं आहे आणि उजवीकडं मँगनीज डायऑक्साइड दिलंय. 'बेसिक' म्हणजे साधं, सोपं असं वाटलं मला, म्हणून तो शब्द सोडूनच दिला. आणि मँगनीज टू प्लस मी आदल्या गणितातून घेतलं. 'बेसिक' म्हणजे अल्कलीचं होय! आमच्या शाळेत 'आम्लारी' म्हणायचे.

शहापूरचा_बाप
बघा, शेवटी माध्यमच निघालं.

निवृत्त_मास्तर_चिकोडी
होय, शाळेचं आणि द्रावणाचं, दोन्ही. आता लिहून घे. मँगनीज ७ वरून ४ वर येतं, ३ इलेक्ट्रॉन घेतं:
परमँगनेट + २ पाणी + ३ इलेक्ट्रॉन → मँगनीज डायऑक्साइड + ४ ओएच मायनस
सल्फर ४ वरून ६, २ इलेक्ट्रॉन देतं:
सल्फाइट + २ ओएच मायनस → सल्फेट + पाणी + २ इलेक्ट्रॉन
पहिल्याला २ नं, दुसऱ्याला ३ नं गुण, म्हणजे इलेक्ट्रॉन ६-६. बेरीज करताना पाणी ४ मधून ३ जातं, ओएच ८ मधून ६ जातं:
२ परमँगनेट + ३ सल्फाइट + १ पाणी → २ मँगनीज डायऑक्साइड + ३ सल्फेट + २ ओएच मायनस
चार्ज दोन्हीकडं वजा ८. हाच तुझा २, ३, १.

सीईटी_वाला
नंबरच्या पद्धतीनंही हेच येतं, ३ आणि २ ची अदलाबदल, दोन ओळीत. पदार्थाचं मान्य.

प्रयोगशाळा_निपाणी
हे डोळ्यानं बघितलं की विसरत नाही. तीन टेस्ट ट्यूब घ्या. जांभळं परमँगनेट, त्यात सल्फाइट. आम्लात रंग पार उडतो, पाण्यासारखं होतं. साध्या पाण्यात किंवा थोड्या अल्कलीत तपकिरी गाळ बसतो, तोच मँगनीज डायऑक्साइड. कडक अल्कलीत हिरवं होतं, तिथं एकच इलेक्ट्रॉन घेतलेला असतो. लॅब नसेल तर विहिरीत परमँगनेट टाकणाऱ्याची बोटं बघ. आधी जांभळी, तासाभरात तपकिरी. लिंबू चोळलं की डाग जातो.

खानापूरची_पोर
आमच्या आजोबांची बोटं तशी असायची! कितीदा विचारलं, नुसतं 'औषध' म्हणायचे.

उद्यमबाग
ॲल्युमिनियमचं कोणी बोललं नाही. बेळगावात हिंडाल्कोच्या कारखान्यात बॉक्साइटचं रिडक्शनच करतात की.

येळ्ळूरकर
इथं बॉक्साइटपासून ॲल्युमिना, म्हणजे ॲल्युमिनियमचं ऑक्साइड, होतं. बॉक्साइटमध्ये ॲल्युमिनियम प्लस ३, ॲल्युमिनातही प्लस ३. इलेक्ट्रॉन हललाच नाही. रिडक्शन होतं ते पुढं, ॲल्युमिनामधून वीज सोडून धातू काढतात तेव्हा.

खानापूरची_पोर
पुढचं केलं. डायक्रोमेट आणि फेरस (आयर्न टू प्लस, फेरिक म्हणजे थ्री प्लस), 'ॲसिडिक' म्हणजे आम्लाचं लिहिलंय, या वेळी आधी तेच वाचलं. १ डायक्रोमेट, ६ फेरस, १४ एच प्लस, उजवीकडं २ क्रोमियम थ्री प्लस, ६ फेरिक, ७ पाणी. बरोबर?

निवृत्त_मास्तर_चिकोडी
चार्ज मोज आणि तूच सांग.

खानापूरची_पोर
डावीकडं वजा २, १२, १४, म्हणजे २४. उजवीकडं ६ आणि १८, २४. लाइट गेली, पण जुळलं.