नाणी घेणारा माणूस आत आलाच कसा?

हेमा काकू (बी-203): सर्वांना नमस्कार. काल दुपारी "जुनी नाणी घेतो" म्हणत एक जण थेट दारात. वॉचमन होता कुठे? सासूबाईंचे राणीछाप रुपये बघून म्हणाला, अर्धीच चांदी आहे, नगाला तीनशे देतो.

प्रमोद (ए-401): सीसीटीव्ही कधी लागणार?? ठराव होऊन वर्ष झालं.

जोगळेकर काका (सी-104): हेमाताई, दिलेत का? घाई नको. अर्धी चांदी 1940 ते 1945 च्या जॉर्ज सहाव्याच्या रुपयात. राणीछापात 91.7 टक्के. वजन 11.66 ग्रॅम, म्हणजे जुना एक तोळा. त्यात शुद्ध चांदी जवळजवळ 10.7 ग्रॅम. आजच्या दराने गुणा आणि त्याचे तीनशे त्यालाच द्या.

हेमा काकू: दिले नाहीत हो. एवढी वेडी नाही मी.

रोहन (ए-202): काकू, माझ्याकडे लिंक आहे, ट्रॅक्टरवाली पाचची नोट ५ लाखाला 😍 आधी फक्त रजिस्ट्रेशन फी.

जोगळेकर काका: ती लिंक इथे टाकू नका. अशा ऑफर्सबद्दल रिझर्व्ह बँकेनेच 2021 मध्ये सावध केलं होतं. बँक असल्या व्यवहारात नसते, कमिशनही मागत नाही.

रोहन: गंमत केली काका.

हेमा काकू: एकावर 1862 आहे. लाखाचं असेल ना?

जोगळेकर काका: नाही. 1862 हेच साल पुढे 1874 पर्यंत छापत राहिले, त्यामुळे ढिगाने मिळतात. 1911 चा पंचम जॉर्ज असेल तर सांगा. त्याच्या झग्यावरचा हत्ती लोकांना डुक्कर वाटला, ओरड झाली, बहुतेक रुपये वितळवले.

सुनील (बी-501): म्हणजे तेव्हाही ग्रुपवर लोक विनाकारण पेटायचे 😂

प्रमोद: सीसीटीव्ही. ठराव. एक वर्ष.

सेक्रेटरी: प्रमोदजी, मेंटेनन्सचे पाच हप्ते आपलेच बाकी आहेत. आदरपूर्वक आठवण.

प्रमोद: पाच नाही, चार. आणि पावती कोण देतं?

हेमा काकू: भांडण खाली पार्किंगमध्ये करा. काका, दसऱ्याला चिंच-मीठ लावून सगळे लख्ख केलेत, चालेल ना?

जोगळेकर काका: अरेरे! घासलेल्या नाण्याला संग्राहक नाक मुरडतात. काळपट तेच त्यांना हवं असतं. आता निव्वळ चांदीचा भाव मिळेल.

हेमा काकू: हे आधी सांगायला हवं होतं. दरवर्षी ग्रुपवर दसऱ्याचे फोटो टाकते, तुम्ही लाइक करता.

जोगळेकर काका: तिथे मोदक दिसत होते. काटा असेल तर एकेक वजन करा. झिजलेला थोडा कमी भरतो. एकदम दोन ग्रॅमने कमी आला तर बनावट समजा.

हेमा काकू: केलं. बाकी सगळे साडेअकराच्या आसपास, एकच 9.4.

सुनील: तो त्या माणसाला द्या. नगाला तीनशे 😄

हेमा काकू: वॉचमनला सांगा, पुन्हा आला तर वर पाठव.