भाचा गोळ्या टाळतोय, कसं समजवू?

तासगावचा मामा: बहीण-दाजी दोघंही गेले. भाचा १६ वर्षांचा, जन्मापासून एचआयव्ही. आमच्या आईनं ‘रक्तवाढीच्या गोळ्या’ म्हणून इतकी वर्षं निभावलं. आता त्यानं बाटलीवरचं नाव मोबाईलवर शोधलं, तेव्हापासून तोंड उघडत नाही. सांगलीच्या एआरटी सेंटरला, म्हणजे एचआयव्हीच्या गोळ्या मिळतात तिथं, येत नाही. ओळखीचं कुणी बघेल म्हणतो. त्यात अकरावीचं हॉस्टेल.

मिरजेची ताई: मीही जन्मापासूनचीच, आता २३. मामा, राग गोळीवर नसतो हो, लपवण्यावर असतो. आईबाप कशी माणसं होती ते सांगा त्याला. आमच्या घरात तो विषयच बंद होता. हॉस्टेलात मी बाटलीचं लेबल सोलायचे, चालतं.

विट्याचा समुपदेशक: कॉलेजला सांगायची सक्ती नाही, २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्यानं गोपनीयता दिलीय. आधी व्हायरल लोड, म्हणजे रक्तातल्या विषाणूचं प्रमाण, तपासा. गोळ्या नियमित घेऊन विषाणू तपासणीत सापडेनासा झाला आणि तसाच राहिला, तर शरीरसंबंधातून पसरत नाही. हे त्याला सांगाच. लग्नाच्या धास्तीनंच पोरं गप्प होतात. १०९७ या एड्स हेल्पलाईनवर फुकट बोलता येतं.

तासगावचा मामा: साताऱ्याच्या सेंटरला बदली मिळेल?

विट्याचा समुपदेशक: मिळते. सांगलीच्या सेंटरमधूनच बदलीचे कागद करून घ्या, मधे गोळ्या खंडू देऊ नका.